आडनाव ड्रमंड, टार्टन मॅकग्रेगर? स्कॉटिश कुळं, किल्ट आणि घराघरांतल्या गोष्टी

पर्थशायरची सून

नमस्कार मंडळी. स्कॉटलंडात राहणारे, स्कॉटिश घरात नांदणारे, इतिहासवाले, कापडवाले, सगळ्यांनी या धाग्यावर यावं. प्रश्न आमच्या घरातला आहे, पण त्याचं मूळ १६०३ सालात आहे. त्यामुळे जरा लांबण लागेल.

लेकासाठी किल्ट, म्हणजे इथले पुरुष नेसतात तो चुण्यांचा घागरा, शिवायला टाकायचाय. आजवर लग्नाकार्याला भाड्याचाच आणत होतो. आता त्याची उंची वाढायची थांबली आहे, तेव्हा एकदाच चांगला शिवून घ्यावा म्हटलं. आठ वार लोकरी कापड आणि हाताने घातलेल्या चुण्या, म्हणजे खर्च काही लहानसहान नाही. कापड कुठलं, म्हणजे कुठल्या कुळाचं टार्टन (रंगीत चौकटींचं लोकरी कापड) घ्यायचं, यावरून मात्र घरात दोन तट पडलेत. आमचं खरं आडनाव इथे देत नाही, सोयीसाठी ड्रमंड धरा. सासूबाईंचं म्हणणं सरळ आहे: पासपोर्टावर ड्रमंड, दारावर ड्रमंड, तर किल्टही ड्रमंडच. सासरे ऐकायला तयार नाहीत. "आपण मॅकग्रेगर. ड्रमंड हा पावसात वरून घातलेला कोट."

आता तो पाऊस कुठला, ते सांगते. फेब्रुवारी १६०३ मध्ये ग्लेन फ्रूनच्या खोऱ्यात मॅकग्रेगरांनी लसच्या कहून घराण्याची दाणादाण उडवली. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स मार्चअखेर इंग्लंडचीही गादी मिळाल्यामुळे लंडनला निघायच्या गडबडीत होता. एप्रिलमध्ये हुकूम निघाला की मॅकग्रेगर हे नावच रद्द. जो लावील त्याला देहदंड. त्यांच्या प्रमुखाला १६०४ मध्ये एडिनबरात फाशी दिलं. मग लोकांनी जवळच्या बड्या घराण्यांची आडनावं घेतली. कुणी ड्रमंड झाले, कुणी मरी, कुणी ग्रँट, कुणी स्टुअर्ट, आणि ज्यांच्याशी उभं वैर त्या कॅम्बेलांचंही नाव काहींनी घेतलं. रॉब रॉय हा त्यांच्यातला सगळ्यांत गाजलेला माणूस, तोसुद्धा आईकडचं कॅम्बेल लावत असे. बॅल्क्विडरच्या चर्चच्या आवारात त्याच्या थडग्यावर जे कोरलंय ते आपल्या भाषेत सांगायचं तर 'त्यांच्या नाकावर टिच्चून मॅकग्रेगर'. मधे दुसऱ्या चार्ल्सने बंदी उठवली, १६९३ मध्ये ती परत आली, आणि कायमची गेली ती १७७४ साली. तोवर कितीतरी पिढ्या दुसऱ्याच नावाने जन्मल्या आणि त्याच नावाने पुरल्या गेल्या. काही घरांनी जुनं नाव परत घेतलं, काहींनी नाही.

आमचं घर 'नाही'वाल्यांपैकी, असं सासरे मानतात. पुरावा म्हणाल तर घरातलं जुनं बायबल. त्याच्या पहिल्या पानावर जन्मांची यादी आहे आणि दर पिढीत एका तरी मुलाचं मधलं नाव ग्रेगर आहे. बस, एवढंच. आणि सासऱ्यांच्या आजीने त्यांना सांगितलेलं एक वाक्य: कुणी विचारलं तर ड्रमंड सांगायचं, पण कुणी विचारलं नाही तर विसरायचं नाही.

तुमच्या ओळखीत अशा गोष्टी आहेत का? आणि किल्टचं काय करू?

स्वराली_डंडी

वाचतेय! आजीचं वाक्य जबरदस्त आहे. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

शंकेखोर

रसभंग करतो, ताई. १६०३ ची गोष्ट खरी, बंदीही खरी. पण त्या मॅकग्रेगरांच्या अंगावर 'मॅकग्रेगर टार्टन' नव्हतं. दर कुळाला एक ठरलेलं टार्टन ही एकोणिसाव्या शतकातली दुकानदारी आहे.

१७४६ ची कलोडनची लढाई घ्या, सरकारी फौजेने हायलंडरांचं (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या लोकांचं) बंड मोडलं ती. डेव्हिड मोरिएने त्या काळातच काढलेलं चित्र आहे. त्यातल्या हायलंडरांच्या अंगावर वीसहून जास्त नमुने मोजता येतात आणि आजच्या कुळांच्या टार्टनशी त्यातलं काही जुळत नाही. एकाच गड्याचा कोट एका चौकटीचा, मोजे दुसऱ्या. आपला कोण, परका कोण, हे टोपीतल्या पांढऱ्या फितीवरून कळायचं. लढाईनंतर कायदा आला आणि हायलंडातल्या पुरुषांना, पोरांना तो पोशाख घालायला बंदी झाली. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सापडलात तर सात वर्षं समुद्रापार. सूट फक्त सरकारी पलटणींना. १७८२ मध्ये बंदी उठली तेव्हा जुना पोशाख रोज घालणारी पिढी निघून गेली होती.

मग १८१५ मध्ये लंडनच्या हायलंड सोसायटीने कुळप्रमुखांना पत्रं लिहिली की आपापल्या टार्टनचा नमुना पाठवा. आणि काही प्रमुख आपलं टार्टन कोणतं हे उलट विणकरांनाच विचारू लागले! बॅनकबर्नचे विल्सन हे त्यातले मोठे कारखानदार. त्यांच्या १८१९ च्या वहीत दोनशेच्या वर नमुने आहेत, काही नुसत्या क्रमांकाचे, काही गावांच्या नावाचे. आज मॅकफर्सन म्हणून मिरवतात तो नमुना आधी 'किड' या नावानेही विकला जायचा, कारण किड नावाच्या गिऱ्हाइकाने तो वेस्ट इंडीजमधल्या आपल्या गुलामांच्या कपड्यांसाठी घेतला होता.

१८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिनबरात आला. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळा सोहळा बसवला. राजेसाहेबांच्या हायलंडी पोशाखाचं बिल १,३५४ पौंड झालं, आणि किल्टखाली कातडीच्या रंगाची घट्ट विजार. त्यानंतर ज्याला त्याला टार्टन हवं झालं. ती भूक भागवायला दोन भाऊ पुढे आले. ते स्वतःला स्टुअर्ट राजघराण्याचे वारस म्हणवत. १८४२ मध्ये त्यांनी 'व्हेस्टिअरियम स्कॉटिकम' छापलं आणि हे जुन्या हस्तलिखितावरून घेतलंय असा दावा केला. ते हस्तलिखित कुणा तज्ज्ञाला कधी बघायला मिळालं नाही. पण त्यातले कितीतरी नमुने आजही 'पूर्वापार' म्हणून विकले जातात. मॅक्लाउडांचा भडक पिवळा-काळा त्यातलाच.

तेव्हा आवडेल त्या रंगाचं घ्या. हे माझं वैयक्तिक मत.

स्वराली_डंडी

शंकेखोर, कुळाचं टार्टन उशिराचं हे मान्य. पण टार्टनच उशिराचं असं कुणी समजू नये. इथे व्ही अँड ए डंडी संग्रहालयात २०२३ मध्ये टार्टनचं प्रदर्शन होतं, तेव्हा ग्लेन ॲफ्रिकच्या दलदलीत सापडलेला तुकडा ठेवला होता. कार्बन चाचणीत तो १५०० ते १६०० च्या दरम्यानचा निघाला. दीड-दोन फुटांचा, शेवाळी-तपकिरी, फाटका. हिरवा रंग अजून कळतो. कुणा सरदाराचा नसावा, शेतात-रानात वापरायचं कापड असावं असं तिथे म्हटलं होतं. शेजारी नामवंत डिझायनरांचे झगे होते, पण मी त्या चिंधीपुढेच घुटमळत राहिले.

शिवाय मार्टिन मार्टिन नावाच्या स्काय बेटावरच्या माणसाने १७०३ मध्ये छापलेल्या वर्णनात लिहून ठेवलंय की प्लेडच्या (अंगाभोवती गुंडाळायच्या टार्टनच्या) पट्ट्यांवरून माणूस कुठल्या भागातला ते ओळखता यायचं. म्हणजे कुळाचं नाही, पण गावाचं-खोऱ्याचं कापड होतं. जवळपास जो विणकर, जे रंग मिळतील, तेच सगळ्यांच्या अंगावर.

इचलकरंजीकर

आता आमच्या धंद्याचा विषय निघाला. मी इचलकरंजीचा, घरचे यंत्रमाग, सध्या गालाशील्सला हेरियट-वॉटच्या कॅम्पसवर टेक्स्टाइल शिकतोय.

टार्टनचं गणित असं. रंगीत धाग्यांचा एक क्रम ठरवायचा, समजा निळे इतके, काळे इतके, हिरवे इतके. शेवटच्या रंगावर पोचलात की तिथून उलट फिरायचं, आरशात बघितल्यासारखं. हा पूर्ण फेरा म्हणजे सेट. ताण्याला जो क्रम, साधारणपणे तोच बाण्याला. वीण दोन वर दोन खाली, ट्विल, म्हणून जवळून बघितलं की तिरक्या रेघा दिसतात. दोन रंग जिथे एकमेकांना छेदतात तिथे तिसरी छटा तयार होते. चार रंग घेतले तर कापडावर दहा छटा, सहा घेतले तर एकवीस. विणकराला मात्र चार किंवा सहाच रंगांचं सूत रंगवावं लागतं. गरीब मुलखात इतकं रंगीबेरंगी कापड कसं परवडत होतं, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे.

ब्लॅक वॉच या हायलंडी पलटणीच्या टार्टनचा धाग्यांचा हिशेब मी घरी तात्यांना पाठवला. त्यांनी उलट विचारलं, "ही तर तीन रंगांची चेक्स. वजन किती?" वजन सांगितल्यावर गप्प झाले. किल्टचं लोकरी कापड हातात घेतलं की आपल्या सुती शर्टिंगवाल्याला घोंगडीच वाटते.

ताई, तुमच्यासाठी कामाचं सांगतो. दुकानात 'एन्शंट', 'मॉडर्न', 'वेदर्ड' असं विचारतील. एन्शंट म्हणजे जुना नमुना नव्हे. नमुना तोच, फक्त रंग फिके, वनस्पतीच्या रंगांची आठवण करून देणारे. मॉडर्न म्हणजे रासायनिक रंगांची गडद छटा. वेदर्ड म्हणजे मातीत पडून राहिल्यासारखा. आणि स्थानिक झाडपाल्याच्या रंगांचं जे कौतुक सांगतात तेही अर्धंच खरं. अठराव्या शतकातल्या चांगल्या टार्टनमधला लाल बहुतेक वेळा कोचिनील किड्याचा आणि निळा नीळीचा, दोन्ही जहाजाने आलेले.

चुण्या दोन तऱ्हेच्या. सेटला घातल्या तर मागूनही चौकट अखंड दिसते. पट्ट्याला घातल्या तर प्रत्येक चुणीवर एकच उभी रेघ येते, चालताना आतले रंग उघडतात. दुसरी पद्धत पलटणींची. मला विचाराल तर तीच घ्या.

आबा

उत्तम चर्चा. एक शंका. आमच्यात देवक असतं, कुणाचं कळंब, कुणाचं पंचपल्लव. लग्नात त्याची पूजा होते, एका देवकात सोयरीक करत नाहीत. या कुळांना तसं काही आहे का? कापड उशिराचं म्हणता, तर आधीची खूण काय होती?

पर्थशायरची सून

आबा, आहे की! दर कुळाची एक वनस्पती असते, तिची डहाळी टोपीत खोवतात. मॅकग्रेगरांचा स्कॉट्स पाइन, मॅकडोनाल्डांचं हेदर, मॅक्लाउडांचं ज्युनिपर, मॅकेंझींची हॉली. लग्नाला आडवं येत नाही एवढाच फरक. आमच्या लग्नात सासऱ्यांच्या कोटाला पाइनची डहाळी होती आणि माझ्या आईने साताऱ्याहून देवकाची पानं वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. विमानतळावर कुणी विचारलं नाही हे नशीब. दोघांनी एकमेकांना आपापला पाला दाखवला. भाषेचा अडसर होता, पण त्या विषयावर दोघं बराच वेळ बोलत होते.

शंकेखोर, तुमचा प्रतिसाद मी सासऱ्यांना इंग्रजीत करून वाचून दाखवला. ते मुळीच रागावले नाहीत. म्हणाले, "विल्सनची वही मला माहीत आहे. पण १८२२ चं अर्धंच सांगितलं त्याने." त्या सोहळ्यात स्कॉटलंडचा मुकुट आणि राजचिन्हं एडिनबराच्या किल्ल्यातून होलीरूड राजवाड्यात नेली, तेव्हा पहाऱ्याचा मान मॅकग्रेगरांना मिळाला होता. ज्यांचं नाव घेतलं तर फास होता, त्यांच्या हातात मुकुटाची राखण. "नाटक असेल तर असू दे, त्या नाटकात आम्हाला आमच्या नावाने हाक मारली."

आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मलाही ठाऊक नव्हती. त्यांचे आजोबा पहिल्या महायुद्धात ब्लॅक वॉचमध्ये होते. परत आले ते पलटणीच्या किल्टसकट. कापड इतकं दणकट की टाकवेना, म्हणून आजीने उसवून त्याचे दोन मुलींना स्कर्ट केले. मोठीचा धाकटीला, धाकटीचा पुढे चुलत बहिणीला. म्हणजे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या खरोखर अंगावर राहिलं ते टार्टन ड्रमंडही नाही आणि मॅकग्रेगरही नाही. आता लेक म्हणतोय मग मी ब्लॅक वॉचच घालतो. तिसरा तट!

निरुपमा_ग्लासगो

ताई, कापड राहू दे, आधी कागद बघा. मी इथल्या कौटुंबिक इतिहास मंडळात हौसेने मदत करते.

स्कॉटलंडमध्ये जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद १ जानेवारी १८५५ पासून सुरू झाली. त्याच्या मागे जायचं तर चर्चची जुनी रजिस्टरं. दोन्ही स्कॉटलंड्स पीपलच्या संकेतस्थळावर पैसे भरून बघता येतात. १८५५ सालचे दाखले मिळाले तर लॉटरीच समजा, त्या एका वर्षी इतकी जास्तीची माहिती लिहून घेत की कारकून वैतागले आणि पुढच्या वर्षीपासून ती कमी केली. बायकांची माहेरची नावं इथे नोंदीत टिकतात, त्यामुळे आईकडून माग काढणं इंग्लंडपेक्षा खूप सोपं.

बायबलातल्या ग्रेगरबद्दल. जुन्या रिवाजात थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, थोरल्या मुलीला आईच्या आईचं. या क्रमाने कुणाचं नाव कुठून आलं ते बऱ्याचदा जुळवता येतं. ग्रेगर हे नाव क्रमात बसत नसताना दर पिढीत घुसवलं असेल तर ते मुद्दाम जपलंय असं मानायला जागा आहे. आईकडच्या कुणाचं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. मॅकग्रेगरांचा वाय-डीएनएचा (बापाकडून मुलाकडे येणाऱ्या डीएनएचा) प्रकल्पही आहे. सासऱ्यांच्या गालाच्या आतून एक बोळा फिरवायचा की झालं.

पण एक सांगून ठेवते. कुळ म्हणजे सगळे एका रक्ताचे हे कधीच नव्हतं. प्रमुखाच्या जमिनीवर राहणारे, त्याच्या आश्रयाला आलेले, त्याचंच नाव लावायचे. अमुक आडनाव अमुक कुळाचं पोटकुळ, अशा ज्या याद्या दुकानात भिंतीला टांगलेल्या असतात त्यांत गिऱ्हाईक रिकाम्या हाती जाऊ नये हाच हेतू जास्त. आणि सखल भागातल्या निम्म्याअधिक लोकांना हायलंडी अर्थाने कुळ नव्हतंच.

कायद्याने कोणतंही टार्टन कुणीही घालावं. बॅल्मोरल तेवढं राजघराण्याचं, १८५३ मध्ये प्रिन्स अल्बर्टने काढलेलं, ते राजाच्या परवानगीशिवाय घालत नाहीत.

पर्थशायरची सून

निरुपमा, खूप आभार. बोळ्याला सासऱ्यांनी ठाम नकार दिला. "उलटं निघालं तर आजीला काय सांगू?" आजी जाऊन साठ वर्षं होत आली.

मंदार_हॅलिफॅक्स

कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातून लिहितोय. १७७३ मध्ये 'हेक्टर' नावाचं जहाज हायलंडरांना घेऊन इथे पिक्टूला लागलं. त्यानंतर लोंढेच आले. काही आपण होऊन, बरेचसे मालकांनी मेंढ्यांसाठी जमिनी रिकाम्या केल्या म्हणून.

केप ब्रेटनच्या एका सहकाऱ्याच्या घरी आम्ही जातो. मूळचे बॅरा बेटावरचे मॅकनील. त्या भागात एकाच आडनावाची आणि एकाच नावाची इतकी माणसं की नुसतं 'जॉन मॅकनील' म्हणून उपयोग नाही. म्हणून गेलिकमध्ये, म्हणजे हायलंडरांच्या जुन्या भाषेत, बाप, आजा, पणजा अशी ओळीने नावं लावायची. त्याच्या वडिलांना मी एकदा विचारलं तर त्यांनी खुर्चीतून न उठता सात पिढ्या म्हटल्या, श्वास घ्यायला एकदा थांबले. त्यांना लिहिता-वाचता इंग्रजीच येतं. गेलिक शाळेत बोललं तर मार मिळायचा, म्हणून ती फक्त घरात. पण ही ओळ पाठ. त्यांच्या घरात टार्टनची एकही वस्तू नाही. विचारलं तर म्हणाले, "ते आम्ही पर्यटकांना विकतो."

शंकेखोर, तुम्ही म्हणता ते यांना आधीच माहीत आहे.

दुसरी बाजूही सांगतो. इथेच ॲन्टिगोनिशला १८६३ पासून हायलंड खेळ होतात. तिथे कुळांचे तंबू असतात. ओंटारियोहून, अमेरिकेहून माणसं येतात, ज्यांना एकही पिढी धड सांगता येत नाही. एक रॉस आडनावाच्या बाई भेटल्या. त्यांना कुणीतरी क्रोइक चर्चबद्दल सांगितलं होतं. १८४५ मध्ये ग्लेनकॅल्व्हीच्या शेतकऱ्यांना घराबाहेर काढलं, तेव्हा ८० च्या वर माणसं, त्यात लहान पोरं, त्या चर्चच्या आवारात ताडपत्र्यांखाली राहिली. चर्चच्या खिडकीच्या काचांवर त्यांनी बाहेरून ओरखडून ठेवलंय: ग्लेनकॅल्व्हीची माणसं, दुष्ट पिढी. आपल्यावर हे संकट आपल्याच पापामुळे आलं असं त्यांना वाटत होतं. मालकाला एक शब्द नाही. त्या बाई रॉस टार्टनची शाल घेऊन क्रोइकला जाऊन आल्या होत्या. आपलं कुणी त्या आवारात होतं का, हे त्यांना कधीच कळणार नाही, यादी मिळालेली नाही. शाल एडिनबराच्या दुकानातली, नवीकोरी. मला तरी त्यांना विल्सनच्या वहीबद्दल सांगावंसं वाटलं नाही.

शंकेखोर

मंदार, क्रोइकचं माहीत नव्हतं. वाचून गप्प झालो. पण माझा मुद्दा उलट भक्कमच होतो ना? माणसांना हाकलणारे मालक कोण होते? पुष्कळदा त्यांचेच कुळप्रमुख. सदरलंडच्या काउंटेसने स्ट्रॅथनेव्हरचं खोरं रिकामं केलं ते कुणा परक्याचं नव्हे. प्रमुख पोराबाळांना बापासारखा, जमीन सगळ्यांची, हा समज कलोडननंतर मालकांनीच मोडला. आणि ज्या वर्षांत जमिनीचे पट्टे रद्द होत होते त्याच वर्षांत हे लोक लंडनच्या क्लबात टार्टन घालून जेवत होते. कापडावर माझा राग आहे तो यासाठी, खोटं आहे म्हणून नव्हे.

मंदार_हॅलिफॅक्स

यावर वाद नाही.

जालनेकर

जाता जाता सांगतो, हायलंडर आमच्या भोकरदन तालुक्यातही येऊन गेलेत! असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात. इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेत ७४ वी आणि ७८ वी अशा दोन हायलंडर पलटणी होत्या. ७४ वी सरकत सरकत असई गावाच्या फार जवळ गेली, तिथे शिंद्यांच्या तोफा आणि मागून घोडदळ. पलटण कापून निघाली, जवळपास सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. शिंद्यांचे गोलंदाज तोफेपाशीच पडले, पण हलले नाहीत, हेही इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. पुढे या पलटणींना बिल्ल्यावर हत्ती आणि 'असई' हे नाव मिळालं. ७४ वीची पुढे जी हायलंड लाइट इन्फन्ट्री झाली तिच्या टोपीच्या बिल्ल्यावर आमच्या गावाचं नाव होतं. ग्लासगोची पोरं ते डोक्यावर घेऊन दोन्ही महायुद्धांत लढली.

माझे चुलते त्या भागात शिक्षक होते. एकदा एक म्हातारे स्कॉटिश गृहस्थ तिथे आले, हातात नकाशा. पणज्याचा पणजा की कोण इथे पडला म्हणे. चुलत्यांनी शेतातून हिंडवलं. थडगं वगैरे काही सापडलं नाही. जाताना त्यांनी गळ्यातला लोकरी मफलर काढून दिला. एप्रिलच्या उन्हात! तो अजून आहे, गडद हिरवा-निळा, त्यात लाल आणि पांढऱ्या बारीक रेघा. इचलकरंजीकर, कुठला असेल?

इचलकरंजीकर

वर्णनावरून मॅकेंझी वाटतोय. आणि तसं असेल तर मजाच आहे. ७८ वी पलटण १७९३ मध्ये मॅकेंझींचा प्रमुख, जो पुढे लॉर्ड सीफोर्थ झाला, त्याने उभी केली. सरकारी कापड ब्लॅक वॉचचं. आपली पलटण वेगळी दिसावी म्हणून त्यावर लाल-पांढऱ्या रेघा टाकल्या. तेच पुढे कुळाचं म्हणून रूढ झालं. म्हणजे तुमच्या चुलत्यांकडचा नमुना असईला आलेल्या पलटणीचाच. मफलर नवा, नमुना त्या काळचा. शक्य असेल तर फोटो पाठवा, धागे मोजून सांगतो. कसर लागू देऊ नका, कडुनिंबाचा पाला ठेवा.

पर्थशायरची सून

निकाल कळवते. किल्ट मॅकग्रेगर, एन्शंट रंगात, चुण्या पट्ट्याला (इचलकरंजीकर खूश!). सासूबाईंच्या समाधानासाठी टाय ड्रमंडचा. दोन्ही लालभडक, एकमेकांशी अजिबात जमत नाहीत, दुकानदाराने तोंड वाकडं केलं. ब्लॅक वॉचच्या त्या स्कर्टचा तुकडा आत्याबाईंकडे अजून आहे असं कळलंय, तो कमरेच्या आतल्या अस्तराला लावून देणार आहेत.

स्वराली_डंडी

वा! किल्टमधले फोटो टाका, चेहरे झाकून का होईना.

एक किडा डोक्यात आलाय. शीख मंडळींनी सिंग टार्टन केलंय, ज्यूंचं आहे, अमेरिकेच्या पाणबुडीवाल्यांचंसुद्धा आहे. आपण स्कॉटलंडातल्या मराठी लोकांचं का करू नये?

इचलकरंजीकर

करता येईल. २००८ च्या कायद्याने सरकारी टार्टन नोंदवही झाली आहे, कुणीही अर्ज करू शकतो. धाग्यांचा हिशेब, नमुन्याचं चित्र, नावाशी आपला संबंध काय ते, आणि शुल्क. नमुना आधीच्या हजारोंपेक्षा वेगळा मात्र हवा. विणायचं काम माझ्याकडे. रंग सुचवा.

जालनेकर

भगवा पाहिजेच. त्यात विचारायचं काय?

निरुपमा_ग्लासगो

भगव्यावर हिरवा घेतला तर लांबून आयर्लंडचा वाटेल. इथे ग्लासगोत त्यावरून फुटबॉलच्या दिवशी डोकी फुटतात. सांभाळून.

आबा

हळदीचा पिवळा घ्या. जेजुरीचा. वादच मिटला.

मंदार_हॅलिफॅक्स

पिवळा-काळा आला की मॅक्लाउड. पिवळा-लाल आला की मॅकमिलन. आबा, गर्दी आहे तिकडे.

शंकेखोर

मी या प्रकाराच्या विरोधात आहे हे नोंदवून ठेवतो. पण करणारच असाल तर पाया काळ्या घोंगडीचा ठेवा, धनगरी. त्यावर एकच पांढरी रेघ आणि एक बारीक भगवी. आणि भगवी रेघ पांढरीच्या डावीकडे, मधोमध नको. मधोमध टाकलीत तर धागा सोडून जाईन.

इचलकरंजीकर

शंकेखोर, सेट उलटा फिरतो तेव्हा डावीकडची रेघ उजवीकडेही येणार. व्यक्तिगत निरोप करा, रेखाटन पाठवतो.